भिंतीतल्या पोर्टला कुणीही केबल लावली तर?

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. ऑफिसच्या नेटवर्कला जोडलं जाणारं यंत्र आपलंच आहे हे ओळखायचं कसं, आणि ती व्यवस्था बसवल्यावर सोमवारी सकाळी निम्मं ऑफिस बंद का पडतं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या ऑडिटमध्ये शेरा आला आहे की ग्राहकांच्या बसण्याच्या जागेतल्या लॅन पॉइंटला बाहेरचा लॅपटॉप लावला की थेट आतलं नेटवर्क मिळतं. पुरवठादार म्हणतो, प्रत्येक पोर्टला मॅक ॲड्रेस बांधून टाकू. तेवढ्यावर भागेल का?
– संगणक विभाग, सांगली

भागणार नाही. शेरा मात्र निघून जाईल, आणि खरी भीती तीच आहे. मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राने स्वतःच सांगितलेलं नाव, त्याला पुरावा काही नाही. काउंटरमागच्या प्रिंटरच्या पाठीवर स्टिकर असतो, त्यावर ते बारा आकडे-अक्षरं छापलेली असतात. लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये तीच टाइप केली, प्रिंटरची केबल काढून लॅपटॉपला लावली, की स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबली जिथे जमतात त्या डब्याच्या, लेखी तो प्रिंटरच.

यावरचा उपाय म्हणजे ८०२.१एक्स, ओळख पटल्याशिवाय पोर्ट न उघडण्याची पद्धत. हे मानक २००१ पासून आहे आणि बहुतेक मॅनेज्ड स्विचमध्ये ते असतंच, फक्त चालू केलेलं नसतं. पोर्टचा दिवा लागतो, पण ओळखीच्या संदेशांखेरीज एकही पॅकेट पुढे जात नाही. स्विच विचारतो, ‘कोण?’ यंत्रातला सप्लिकंट, म्हणजे ओळख सांगणारा प्रोग्रॅम, उत्तर देतो. ते उत्तर स्विच रेडियसच्या, म्हणजे ओळख तपासून घेण्याच्या भाषेच्या, पाकिटात घालून सर्व्हरकडे पाठवतो, यूडीपी पोर्ट १८१२ वर (हा भिंतीतला पोर्ट नव्हे, सर्व्हरवरच्या सेवेचा क्रमांक). निर्णय सर्व्हरचा, स्विच नुसता दारावरचा शिपाई. होकारासोबत सर्व्हर व्हीलॅनही (त्याच तारांवरचं वेगळं, बंदिस्त नेटवर्क) सांगू शकतो, पण त्यासाठी उत्तरात तीन ॲट्रिब्यूट, म्हणजे रकाने, लागतात : टनेल-टाइप १३, टनेल-मीडियम-टाइप ६ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडीमध्ये व्हीलॅनचा क्रमांक. यातलं एक जरी राहिलं तरी होकार मिळूनही यंत्र हव्या त्या व्हीलॅनमध्ये जात नाही, आणि आपण तासभर स्विचला शिव्या घालत बसतो.

खर्चाचं म्हणाल तर विंडोज सर्व्हरमध्ये एनपीएस हा रेडियस सर्व्हरचा रोल आहेच. लिनक्सवर फ्रीरेडियस चालतं. यंत्रांची यादी, पाहुण्यांसाठी लॉगिनचं पान वगैरे हवं असेल तर पॅकेटफेन्स आहे. ही शेवटची दोन्ही मुक्तस्रोत आहेत.

आता कामाचा क्रम. पहिल्यांदा टेबलाखालचे आठ पोर्टचे साधे स्विच काढा. ओळखीचे संदेश ०१-८०-सी२-००-००-०३ या राखीव पत्त्यावर जातात, आणि नियमाने चालणारा स्विच असे संदेश पुढे पाठवत नाही. म्हणजे मधे हा डबा असला की ओळखच होत नाही. एखादा स्वस्तातला डबा ते पुढे पाठवतो, ते आणखी वाईट. त्या डब्याची केबल मुख्य स्विचच्या ज्या पोर्टला जाते तिथे मल्टी-होस्ट मोड असेल, तर एकाने ओळख पटवली की बाकीचे सगळे त्याच्या पाठोपाठ आत.

मग यादी. रिझर्व्ह बँकेच्या १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकानुसार नागरी सहकारी बँकांनी आयटी मालमत्तेची अद्ययावत नोंदवही ठेवायची आहे. ती कागदावर असतेच, आता खरी करा. रॅकपाशी एक जण, टेबलांपाशी एक जण. स्विचचा पोर्ट, पॅच पॅनलचा क्रमांक, भिंतीवरचा क्रमांक आणि टोकाला काय आहे, असे चार रकाने. ज्याच्या टोकाला काहीच नाही तो पोर्ट बंद करायचा. ग्राहकांच्या जागेतला पॉइंट तर हा अंक मिटल्यावर लगेच बंद करा, त्याला ८०२.१एक्सची वाट पाहायची गरज नाही.

त्यानंतर मॉनिटर मोड : ओळख विचारायची, नोंद ठेवायची, पण नापास झालेल्यालाही आत सोडायचं. हे किमान चार आठवडे चालू द्या, आणि त्यात महिनाअखेर आली पाहिजे. काही यंत्रं महिन्यातून एकदाच जागी होतात. नोंदीत रोज तीच ती नापास यंत्रं दिसू लागली आणि प्रत्येकाचं कारण कळलं, की एकेक शाखा करत दार लावायला घ्या. पहिली शाखा मुख्य कार्यालयाजवळची घ्या, म्हणजे धावत जाता येतं.

प्रश्न : आम्ही वायफायला आणि लॅनला डोमेनचाच यूजरनेम-पासवर्ड वापरतो. नव्या लॅपटॉपवर मात्र प्रत्येक वेळी पासवर्ड विचारला जातो, जुन्यांवर नाही. आणि सर्टिफिकेटवर जाण्याइतका त्यात फरक आहे का?
– पुणे

नवे लॅपटॉप विंडोज ११ चे, २२एच२ किंवा पुढच्या आवृत्तीचे असणार. एंटरप्राइझ आवृत्तीत तेव्हापासून, हार्डवेअर पात्र असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड आपोआप चालू असतो. लॉगिनचा पासवर्ड वायफायसाठी परस्पर वापरायला तो मनाई करतो. तुमची पद्धत, म्हणजे पीईएपी-एमएसचॅप व्ही२, नेमकी त्याच उसनवारीवर चालते. गार्ड बंद करून प्रश्न सुटतो, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका.

फरक बराच आहे. पासवर्ड माणसाला ओळखतो, यंत्राला नाही. कर्मचाऱ्याने घरच्या लॅपटॉपवर तोच पासवर्ड टाकला तर तो लॅपटॉपही आत येतो, त्यातल्या सगळ्या उपद्रवासकट. ईएपी-टीएलएसमध्ये, म्हणजे सर्टिफिकेटच्या पद्धतीत, यंत्राकडे स्वतःचं सर्टिफिकेट (सही केलेलं डिजिटल ओळखपत्र) आणि त्याची खासगी किल्ली असते. ती यंत्रातल्या टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये ठेवली तर कॉपी करून नेता येत नाही.

पासवर्डवर राहणारच असाल तर एक गोष्ट तरी आजच तपासा. यंत्राच्या प्रोफाइलमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची खूण केलेली आहे का, त्याखाली रूट सीए (सर्टिफिकेटांवर सही करणारा मूळ सर्व्हर) निवडलेला आहे का आणि सर्व्हरचं नाव लिहिलेलं आहे का? या तिन्ही गोष्टी नसतील तर पार्किंगमध्ये बसून तुमच्याच नावाचं वायफाय सुरू करणाऱ्याला तुमची यंत्रं आपणहून ओळख द्यायला जातात. एमएसचॅप व्ही२ चं जे उत्तर त्याच्या हाती लागतं, ते फोडणं आता अवघड राहिलेलं नाही. अँड्रॉइडवर पूर्वी ‘तपासू नका’ असा पर्याय होता. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेलवर आणि मग हळूहळू इतर फोनवरही तो गेला. तेव्हा बऱ्याच ऑफिसांत फोन जोडले जाईनात, आणि दोष फोनला दिला गेला.

सर्टिफिकेट द्यायचं ते यंत्राच्या नावाने द्या. नुसतं यूजरच्या नावाने दिलं तर लॉगिनच्या पडद्यावर यंत्राला नेटवर्कच नसतं. त्यावर पहिल्यांदाच बसणाऱ्या माणसाला ‘लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळतं. पासवर्ड त्याच्या हातातल्या कागदावर असतो, बरोबर असतो, आणि तरी आत जाता येत नाही.

प्रश्न : लॅनवर ८०२.१एक्स लावल्यापासून काही पीसी सकाळी सुरू केल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी घेतात. पाचेक मिनिटांनी आपोआप चालू होतात. आमचा नेटवर्कवाला म्हणतो केबल खराब आहे.
– नाशिक

केबल निर्दोष आहे. हे गणित आहे.

सिस्कोच्या स्विचवर मूळ सेटिंगनुसार स्विच ‘कोण?’ विचारून ३० सेकंद थांबतो, आणि उत्तर नाही आलं तर आणखी दोनदा विचारतो. तीन वेळा ३०, म्हणजे ९० सेकंद. त्यानंतर तो मॅक ॲड्रेसवरून आत घेण्याच्या पर्यायाकडे, म्हणजे मॅबकडे वळतो. तोपर्यंत पीसीचा डीएचसीपी, म्हणजे नेटवर्ककडे आयपी मागणारी यंत्रणा, मिनिटभर ओरडून दमलेला असतो. तो स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतो आणि पुढचा प्रयत्न पाच मिनिटांनी करतो. तुमची पाच मिनिटं ती.

थांबण्याचा काळ, म्हणजे टीएक्स-पिरियड, १० वर आणा. एकूण ३० सेकंद होतात आणि डीएचसीपी जिवंत असतानाच दार उघडतं. २-३ सेकंदांवर आणू नका, नाहीतर हळू सुरू होणारा धडधाकट पीसीही उत्तर द्यायच्या आत मॅबमध्ये ढकलला जाईल.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. पीसी उत्तर का देत नाही? स्विचवर त्या पोर्टचं सेशन उघडून पाहा. तळाशी दोन ओळी असतात. तिथे ‘डॉटवनएक्स : स्टॉप्ड’ आणि ‘मॅब : ऑथसी सक्सेस’ असं दिसत असेल तर त्या पीसीमध्ये सप्लिकंट चालूच नाही. विंडोजमध्ये वायफायची सर्व्हिस आपोआप सुरू होते. लॅनची ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ मात्र मुळात मॅन्युअलवर असते. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकदम सेटिंग पाठवण्याची सोय) ती ऑटोमॅटिक करा. म्हणजे काय झालं होतं, तुमचे हे पीसी सर्टिफिकेट बाळगूनही इतके दिवस निव्वळ मॅक ॲड्रेसवर आत येत होते.

प्रश्न : कारखान्यात सीएनसी मशीन, कॅमेरे, बारकोड प्रिंटर, हजेरीची यंत्रं आहेत. यांत सर्टिफिकेट टाकायची सोयच नाही. मग त्यांचं काय?
– चाकण

मॅब वापरावंच लागेल, फक्त त्यावर भरवसा ठेवायचा नाही. मॅक ॲड्रेसच्या जोरावर आत आलेल्याला एकाच ठिकाणी जाता यावं, इतकंच काम आखून द्या. कॅमेऱ्याला फक्त रेकॉर्डर दिसावा. बारकोड प्रिंटरने प्रिंट सर्व्हरकडून टीसीपी ९१०० वर काम घ्यावं, इतर कुणाशी बोलू नये. सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवणारा एकच पीसी. प्रत्येक जातीला वेगळा व्हीलॅन आणि त्यावर ॲक्सेस-लिस्ट, म्हणजे कुणाला कुठे जाता येईल याची यादी. मग कुणी कॅमेऱ्याचा मॅक चोरलाच, तर त्याच्या हाती फक्त रेकॉर्डर लागेल. रेकॉर्डरचा पासवर्ड अजून डब्यातून आला तोच असेल तर तेही पुरे होतं म्हणा.

सर्व्हरला ओळखीचे आणखी धागे द्या. डीएचसीपी मागताना यंत्र जे पर्याय ज्या क्रमाने मागतं, त्यावरून त्याची जात बऱ्यापैकी कळते. काल कॅमेऱ्यासारखं बोलणारा मॅक आज विंडोजसारखा बोलू लागला, तर सूचना यायला हवी.

मॅबची यादी हीच या सगळ्यातली गळकी जागा. ‘सध्या टाकून ठेवू, नंतर बघू’ म्हणून त्यात घातलेले लॅपटॉप वर्षानुवर्षं तिथेच राहतात. प्रत्येक नोंदीला मालक आणि संपण्याची तारीख लावा. तारीख उलटली की नोंद जाते, ज्याला गरज असेल तो फोन करतोच.

गप्प बसणाऱ्या यंत्रांचा एक त्रास होतो. मॅबला यंत्राकडून निदान एक तरी पॅकेट यावं लागतं. काही हजेरीची यंत्रं, जुने प्रिंटर स्थिर आयपीवर असतात आणि कुणी बोलावल्याशिवाय बोलत नाहीत. पोर्ट बंद म्हणून कुणाचं बोलावणं पोचत नाही, बोलावणं नाही म्हणून यंत्र बोलत नाही. अशा पोर्टवर अडवणूक फक्त यंत्राकडून स्विचमध्ये आत येणाऱ्या दिशेला लावा, सिस्कोत त्यासाठी कंट्रोल-डायरेक्शन ‘इन’ असं सेटिंग आहे. मग नेटवर्ककडून यंत्रापर्यंत हाक पोचते आणि यंत्र उत्तर देतं. त्याहून सोपं म्हणजे ते यंत्र डीएचसीपीवर घ्यायचं आणि सर्व्हरवर त्याचा आयपी राखून ठेवायचा.

आयपी फोनमागे पीसी असेल तर पोर्ट मल्टी-डोमेन मोडवर हवा : एक फोन, एक पीसी. हा फोन आहे हे रेडियसने ‘डिव्हाइस-ट्रॅफिक-क्लास=व्हॉइस’ या ॲट्रिब्यूटने सांगावं लागतं. ते राहिलं तर फोन डेटाच्या जागी बसतो. मागून पीसी आला की स्विचला एका जागी दोन यंत्रं दिसतात, आणि मूळ सेटिंगमध्ये तो अख्खा पोर्ट बंद करतो.

प्रश्न : दोन वर्षं ईएपी-टीएलएस सुरळीत चालू होतं. एका सकाळी एकही यंत्र जोडलं जाईना. कुणी काहीही बदललेलं नव्हतं. कुठून शोधायला सुरुवात करावी?
– वेर्णा, गोवा

‘कुणी काही बदललं नाही’ हेच उत्तर आहे. तारीख बदलली.

एनपीएसच्या सर्व्हरवर सिक्युरिटी लॉगमध्ये ६२७३ क्रमांकाची नोंद उघडा. प्रवेश नाकारल्याची ती नोंद, ६२७२ म्हणजे होकार. ६२७३ मध्ये खाली रीझन लिहिलेलं असतं. नोंदच नसेल तर विनंती सर्व्हरपर्यंत पोचली नाही, किंवा ऑडिट पॉलिसीत ही नोंद बंद आहे. ते आधी पाहा.

सगळी यंत्रं एकदम गेली असतील तर तीन संशयित.

पहिला, रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट. ते संपलं, किंवा आपोआप नवं आलं पण वेगळ्या रूटचं अथवा वेगळ्या नावाचं. यंत्रांच्या प्रोफाइलमध्ये जुनंच नाव आणि जुनाच रूट आहे, म्हणून त्यांनीच सर्व्हरला नाकारलं. रूट बदलायचा झाला तर नवा रूट आधी यंत्रांवर पोचवायचा, चार आठवडे जाऊ द्यायचे, रजेवरचे लॅपटॉप परत येऊ द्यायचे, आणि मग सर्व्हर बदलायचा. उलट क्रमाने केलं तर दुरुस्ती पाठवायला नेटवर्कच उरत नाही.

दुसरा, रद्द सर्टिफिकेटांची यादी म्हणजे सीआरएल. यंत्राचं सर्टिफिकेट रद्द झालेलं नाही ना, हे एनपीएस मुळातच तपासतो, आणि यादीच शिळी असेल तर सगळ्यांना नाकारतो. ऑफलाइन ठेवलेला रूट सीए हा इथला नेहमीचा गुन्हेगार. त्याची यादी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने हाताने काढून ठेवायची असते. ज्याने तो सर्व्हर कपाटात ठेवला तो नोकरी सोडून जातो आणि किल्लीसोबत ही आठवणही जाते. कॅलेंडरमध्ये नोंद करा, माणसाच्या नव्हे, विभागाच्या.

तिसरा, मायक्रोसॉफ्टचं मे २०२२ पासूनचं प्रकरण, त्यांच्या सूचनेचा क्रमांक केबी५०१४७५४. सर्टिफिकेट ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे डोमेनच्या खातेवहीतल्या, नेमक्या कोणत्या खात्याचं, हे त्यात एसआयडी या खाते-क्रमांकाच्या रूपाने लिहिलेलं असावं असा आग्रह तेव्हा सुरू झाला. ११ फेब्रुवारी २०२५ पासून तो सक्तीचा झाला, आणि रजिस्ट्रीतून मागे जाण्याची वाटही सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. डोमेन कंट्रोलरच्या (ही खातेवही सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) सिस्टिम लॉगमध्ये ३९ क्रमांकाची नोंद दिसली तर हेच. डोमेनच्या सीएकडून आपोआप मिळणाऱ्या सर्टिफिकेटांत एसआयडी येतो. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या यंत्र-व्यवस्थापनाच्या सेवेतून एससीईपी पद्धतीने दिलेल्यांत तो प्रोफाइलमध्ये मुद्दाम मागावा लागतो. आणि जे लॅपटॉप फक्त क्लाउडच्या एन्ट्रा आयडीला जोडलेले आहेत, त्यांचं संगणक-खातं तुमच्या डिरेक्टरीत मुळी नसतंच. एनपीएस त्यांना कुणाशी जुळवणार? त्यांच्यासाठी दुसरा रेडियस सर्व्हर बघावा लागतो.

एकदोनच यंत्रं गेली असतील तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. यंत्राच्या हिशेबाने सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून ते दार नाकारतं. वेळ सुधारायला नेटवर्क हवं, नेटवर्क मिळायला वेळ बरोबर हवी. सेल पाच-पन्नास रुपयांचा.

कपाटात पडून असलेल्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी. विंडोजच्या सीएचं मूळ कॉम्प्युटर टेम्प्लेट एक वर्षाचं, आणि नूतनीकरण संपण्याआधी सहा आठवडे सुरू होतं. तो काळ बंद अवस्थेत गेला की सर्टिफिकेट मेलं. आयटीच्या खोलीत एक पोर्ट असा ठेवा, जिथून फक्त डोमेन कंट्रोलर आणि सीए दिसतात.

प्रश्न : मुख्यालयात ईएपी-टीएलएस चालतं, पण शाखेत व्हीपीएनवरून नाही. पिंग जातो, पासवर्डची पद्धतही चालते.
– रत्नागिरी

सर्टिफिकेटांचं ओझं. पासवर्डचे संदेश लहान असतात. टीएलएसमध्ये सर्टिफिकेटांची साखळी जाते, रेडियसचं पॅकेट १५०० बाइटच्या वर जातं आणि त्याचे तुकडे होतात. मधला फायरवॉल किंवा व्हीपीएन यूडीपीचे तुकडे टाकून देतो. पॅकेट पकडून पाहिलं तर सर्व्हरचे चॅलेंज येताना दिसतात, पुढचं उत्तर पोचत नाही, आणि सर्व्हर निकाल न देताच थांबतो. एनपीएसच्या पॉलिसीत फ्रेम्ड-एमटीयू, म्हणजे संदेशाची कमाल लांबी, १३४४ करा. त्याने सर्व्हर आपले संदेश लहान करतो. यंत्राकडून येणारे मोठे राहिले तर व्हीपीएनवर तुकडे जाऊ द्यावे लागतील.

शाखेची लाइन पावसात जाणारच, तेव्हाचं आत्ताच ठरवा. सर्व्हर मिळेनासा झाला तर स्विचने कोणत्या व्हीलॅनमध्ये सोडायचं हे सांगता येतं, त्याला क्रिटिकल व्हीलॅन म्हणतात. व्हॉइससाठी ते वेगळं सांगावं लागतं. बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : वायफायवर पाहुण्यांचे फोन मॅकवरून लक्षात ठेवतो, पण तोच फोन पुन्हा नवा म्हणून दिसतो.
– ठाणे

अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक सांगत नाहीत. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. पाहुण्यांसाठी मॅकची आठवण सोडा, दिवसभराचा कोड द्या.

प्रश्न : इतकं सगळं केल्यावर आत शिरायला वाट उरते का?
– नाव न छापण्याच्या विनंतीसह

दोन वाटा उरतात. पहिली भिंतीपाशी. रीतसर ओळख पटवलेल्या पीसीच्या आणि भिंतीच्या मधे छोटा ब्रिज, म्हणजे दोन केबलींना जोडणारा डबा, बसवायचा आणि त्याच पीसीच्या नावाने आपली पॅकेटं घुसवायची. ८०२.१एक्स ओळख सुरुवातीला तपासतं, नंतरचं प्रत्येक पॅकेट नाही. त्याला उत्तर म्हणजे मॅकसेक, म्हणजे ८०२.१एई. पीसी आणि स्विच यांच्यातलं प्रत्येक पॅकेट त्यात किल्लीने बंद होतं. स्विचला ते जमलं पाहिजे, आणि विंडोजमध्ये ते मुळातून येत नाही, वेगळा क्लायंट लागतो. सगळीकडे लावत बसू नका. लोकांच्या हाताशी असलेल्या जागा आणि दोन इमारतींमधल्या जोडण्या आधी घ्या.

दुसरी वाट स्विच आणि रेडियस सर्व्हर यांच्या मधली. जुलै २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस नावाची त्रुटी जाहीर झाली, क्रमांक सीव्हीई-२०२४-३५९६. मधे बसलेला माणूस रेडियसमधल्या एमडी५ या पडताळणीच्या जुन्या पद्धतीचा फायदा घेऊन नकाराचा होकार करू शकतो. ईएपीच्या संदेशांत मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे छेडछाड उघड करणारा शिक्का, सक्तीचा असल्याने ते वाचतात, मॅब आणि साधा पासवर्ड सापडतात. स्विचचं फर्मवेअर आणि सर्व्हर दोन्ही अद्ययावत करा आणि मेसेज-ऑथेंटिकेटर दोन्ही बाजूंना सक्तीचा करा. आधी स्विच, मग सर्व्हर, नाहीतर जुने स्विच बाहेर पडतील. शाखा-मुख्यालयासारख्या लांबच्या जोडण्यांवर रेडियस उघडं पाठवूच नका. ते व्हीपीएनमधून न्या, किंवा रॅडसेक, म्हणजे टीएलएसने कुलूपबंद केलेलं रेडियस, वापरा, टीसीपी २०८३ वर.

आणि यातून कुणी आलाच, तर तो कोणत्या पोर्टवरून किती वाजता आला हे रेडियसच्या अकाउंटिंग नोंदींत असतं, पोर्ट १८१३. स्विचवर अकाउंटिंग वेगळं चालू करावं लागतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. स्विच आणि सर्व्हरची घड्याळं एकाच एनटीपीवर, म्हणजे वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर, नसतील, तर त्या ६ तासांतले पहिले दोन नोंदींच्या वेळा जुळवण्यात जातात.